कॉफी १८० ची, वाटा ९४३ चा

ताई, नमस्कार.

मी नागपुरात त्रिमूर्ती नगरला राहते, वय ४१. घरीच पहिली ते सातवीच्या मुलांची ट्यूशन घेते. मिस्टर हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत आहेत, मुलगी यंदा दहावीला आहे. शाळेतल्या आम्ही सहा मैत्रिणी चार वर्षांपूर्वी व्हॉट्सॲपमुळे पुन्हा सापडलो. तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी ब्रंचला भेटतो. अकराला बसलो की दीड-दोनपर्यंत कोणी उठायचं नाव घेत नाही. खरं सांगते ताई, महिनाभर मी त्या तीन तासांची वाट पाहते. तिथं मला कोणी टीचर म्हणत नाही, कोणी आई म्हणत नाही. शाळेतल्या नावानं हाक मारतात.

आधी तीनशे-चारशेत व्हायचं. आता धरमपेठेतल्या कॅफेत नऊशेच्या वर जाऊन राहिलं. बिल आलं की एक मैत्रीण सहानं भागते आणि ग्रुपवर आकडा टाकते. मागच्या वेळी मी उपास आहे म्हटलं आणि फक्त कॉफी घेतली. तरी ९४३ आले. मी भरले. बिलाचा फोटो ग्रुपवर आला होता, तो तुम्हालाही पाठवते. चौथीच्या मुलाची महिन्याची फी मी ८०० घेते.

त्याच्या आधी दोनदा गेलेच नाही. एकदा पाहुण्यांचं कारण सांगितलं, एकदा डोकेदुखीचं. एकदा हळूच म्हणून पाहिलं की तर्री पोहे खायला जाऊ, तर एक जण हसली, "तिथं बसायचं कुठं?" मिस्टर म्हणतात, मग जाऊ नको. सासूबाई म्हणतात, रविवारी घरचं जेवण सोडून नाश्त्याला एवढा वेळ कोण बसतं! माझ्या मैत्रिणींना पैशाची कमी नाही, पण त्या वाईटही नाहीत. ग्रुप सोडू का? काय करावं तेच समजून नाही राहिलं.

तुमची एक वाचक

---

तुला तू म्हणते, चालेल ना? माझ्या सगळ्यात धाकट्या बहिणीपेक्षाही तू बरीच लहान आहेस.

बिलाचा फोटो मोठा करून पाहिला. तेहतीस वर्षं बँकेत कॅश काउंटरवर काढली, त्यामुळं आकडे दिसले की हात आपोआप पेन शोधतो. खाणंपिणं ४,९०० चं. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ४९०. त्या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, २६९ रुपये ५० पैसे. एकूण ५,६६०, भागिले सहा. तुझी कॉफी १८० ची, जीएसटी धरून १८९. म्हणजे वरचे ७५४ रुपये तू तो सर्व्हिस चार्ज, दोन पिझ्झे, वॅफल, तीन कोल्ड कॉफ्या आणि एका ॲव्होकॅडो टोस्टसाठी दिलेस. टोस्ट एकच दिसतो, म्हणजे तो टेबलावर फिरला असणार. सगळ्यांनी चाखला, तू सोडून. तुला उपास होता ना.

आता मी कोणत्या बाजूची आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला ठाऊक असेल. आमच्या टेबलावर भागाकार करणारी मीच होते.

बँकेतल्या आम्ही सात जणी. रिटायर झाल्यावर दर महिन्याला भेटायचं ठरलं. सुरुवात साध्या उडुप्याकडं झाली, मग कोणाच्या तरी सुनेनं चांगली जागा सुचवली, मग त्याहून चांगली. बिल आलं की वेटरनं फोल्डर ठेवायच्या आत मी आकडा सांगायची. मोबाइल नाही, कागद नाही. सगळ्या म्हणायच्या, "हिचं डोकं अजून काउंटरवरच आहे!" मला ते फार आवडायचं. आमच्यातल्या एकीनं २००१ साली व्हीआरएस, म्हणजे मुदतीआधीच निवृत्ती, घेतली होती, नवऱ्याचं दुकान चाललं नाही, पेन्शन बेताची. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण टेबलावर बसलं की ते आठवत नव्हतं. हळूहळू ती यायची बंद झाली. आधी गुडघा, मग नातीची परीक्षा, मग गावाहून कोणी आलं. आम्ही म्हणायचो, रमली बाई नातवंडांत. एक जण तर तिला घरकोंबडी म्हणायची आणि आम्ही हसायचो.

दोन वर्षांनी एका लग्नात भेटली. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढंच उभी होती. मी म्हटलं, "काऊन वो, विसरली का आम्हाला?" तिनं हातातली प्लेट पुसत पुसत सांगितलं, अगदी हसत: "तू फार पटकन भागतेस. मला काही बोलायला वेळच नाही उरत."

मी वांग्याची भाजी वाढून घेतली आणि पुढं सरकले. काय बोलणार?

तुझ्या पत्रात तू लिहिलंस की मैत्रिणी वाईट नाहीत. मी ते मानते, कारण मीही वाईट नव्हते. समान वाटणीत एक गंमत असते, ती समजून घे. टेबलावर सहा जणी आहेत, बिल सहात वाटायचं हे सगळ्यांना माहीत आहे. ४२० चा पिझ्झा मागवणारीला तो ७० रुपयांत पडतो. उरलेले ३५० बाकीच्या पाच जणी भरतात. सत्तर रुपयांत पिझ्झा मिळत असेल तर मीही मागवीन. प्रत्येक जण तसंच करते, आणि शेवटी बिल असं येतं की एकटीनं ते कोणीच केलं नसतं. इस्रायलमधल्या हायफा शहरात काही अर्थशास्त्रज्ञांनी हे एका रेस्टॉरंटमध्ये करून पाहिलं होतं. गट सहा-सहा जणांचेच, तुमच्यासारखे. ज्यांना आपापलं बिल भरायचं होतं त्यांचं माणशी साधारण ३७ शेकेलचं खाणं झालं. ज्यांना सारखं वाटून घ्यायचं होतं त्यांचं ५१ चं. २००४ मध्ये हे छापून आलं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे: लोकांना विचारलं तेव्हा बहुतेकांनी सांगितलं की आपापलं भरणंच बरं. तुमच्या सहा जणींतही तू एकटी असशील असं मला वाटत नाही. बेसा किंवा मनीष नगरातल्या नव्या फ्लॅटचे हप्ते भरणारी कोणी तरी तिथं बसून मनातल्या मनात बेरीज करत असेलच. ती ॲव्होकॅडो खात असेल, एवढंच.

पण तुझ्यावरही थोडं बोलते. पाहुणे, डोकेदुखी, उपास. तीन महिन्यांत तीन कारणं झाली. पहिल्या कारणावर लोक विश्वास ठेवतात, दुसऱ्यावर काळजी करतात, तिसऱ्यानंतर म्हणतात, ती आता पहिल्यासारखी नाही राहिली. तुला वाटतं तू पैसे लपवते आहेस. त्यांना वाटतं तू स्वतःला लपवते आहेस, त्यांच्यापासून. आणि उपासाचं तर मला हसूच आलं. अगं, रविवारचा उपास, तोही नुसत्या कॉफीवर? तुझ्या शाळेतल्या मैत्रिणी आहेत त्या. दहावीपर्यंत डबा वाटून खाल्लेल्या बायांना तुझे उपास कोणत्या वारी असतात ते ठाऊक नसेल का?

तर्री पोह्यांचं पाहू. तुझी मैत्रीण हसली ते मला आवडलं नाही, पण ती बोलली ते चूक नव्हतं. मी पन्नास वर्षं तर्री पोहे खाऊन राहिली आहे. पोह्यांवर चण्याचा रस्सा, त्यावर ती लाल तर्री, मग कच्चा कांदा, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, चिवडा, लिंबू. चाळीस-पन्नास रुपयांत सकाळ सार्थकी लागते. पण तिथं तीन तास बसता येत नाही. प्लेट हातात घेऊन उभं राहायचं, दहा मिनिटांत खायचं, आणि मागं गाडी लावून उभ्या असलेल्या चौघांना जागा द्यायची. शिवाय अकरा वाजता गेलीस तर चांगल्या टपरीवर पातेलं खरवडल्याचा आवाज ऐकू येईल फक्त. टपरी पोट भरते, गप्पा मारायला तिच्याकडे जागा नाही आणि तिनं ती कधी कबूलही केली नव्हती. कॅफेत टोस्टाच्या किमतीत तीन तासांची खुर्ची धरलेली असते, एसी असतो, धरमपेठेतलं भाडं असतं, आणि "मॅडम, झालं का?" असं कोणी विचारत नाही त्याचेही पैसे असतात. त्यामुळं टपरी विरुद्ध कॅफे हा वाद ग्रुपमध्ये घालू नकोस. तू हरशील. शिवाय वाद जागेचा नाहीच, आकड्याचा आहे.

आकडा कसा ठरवायचा हे आपल्या बायकांना कोणी शिकवायची गरज नाही. तुमच्या सहा जणींतल्या तिघी-चौघी तरी कुठल्या ना कुठल्या भिशीत असतीलच. भिशीत काय करतो? सगळ्यात आधी आकडा ठरतो. हजाराची की दोन हजारांची. जिला झेपते ती येते. जिला नाही झेपत ती सगळ्यांसमोर म्हणते, "मला पाचशेचीच जमते बाप्पा," आणि कोणी तिच्याकडे कीव करून पाहत नाही. मग पाचशेची वेगळी भिशी निघते किंवा हजाराची पाचशेवर येते. ज्या बाया भिशीत एवढ्या रोखठोक असतात त्याच बाया ब्रंचला गेल्या की आधी खातात आणि आकडा शेवटी ऐकतात. हे उलटं कशामुळं झालं असेल याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, इंग्रजी मेनूकार्ड हातात आलं की पैशाचं बोलणं गावंढळ वाटायला लागतं.

तर तू ग्रुपवर लिही. मी मजकूर देते, तुझ्या बोलीत बदलून घे:

"पोरींनो, मला तुमच्यासोबत दर महिन्याला बसायचं आहे, पण माझं बजेट ४०० चं आहे. या वेळेपासून आपापलं भरू या का? नाही तर जागा अशी पाहू जिथं ४०० त होईल. मागच्या वेळी मला उपास नव्हता."

शेवटचं वाक्य जड जाईल, मला कळतं. काढलंस तरी निभेल. पण ठेवलंस तर पुढचं काही समजावून सांगावं लागणार नाही. 'परवडत नाही' हा शब्द मी मुद्दाम घातला नाही. त्यानं समोरच्याला एकदम दान करायची इच्छा होते, आणि मग कोणी तरी म्हणेल, "अगं, तुझं मी भरते." ते एकदा घेतलंस की पुढच्या वेळी टेबलावर तू पाहुणी होतेस. ४०० म्हण. आकड्याची लाज वाटत नाही कोणाला.

आणि हा मेसेज टाकायच्या आधी एक फोन कर, भागाकार करणारीला. फोनच कर, मेसेज नको. ग्रुपवर सगळ्यांसमोर एकदम आलं तर तिला वाटेल हे आपल्यावरच आहे, आणि मग ती स्वतःची बाजू मांडत बसेल. एकटीला आधी सांगितलंस तर ग्रुपवर सगळ्यात पहिला अंगठा तिचाच येईल, पाहा. मला कोणी असा फोन केला असता तर दोन वर्षं वाया गेली नसती.

आपापलं भरायचं ठरलं तर ऑर्डर देतानाच वेटरला सांगा की बिलं वेगवेगळी करा. खाऊन झाल्यावर सांगितलं तर त्यालाही आठवत नाही कोल्ड कॉफी कोणाची होती, आणि मग पुन्हा कोणी तरी म्हणतं, "जाऊ दे ना, वाटून टाकू." काही जागी वेगळी बिलं करायला नाखूश असतात. तेव्हा एक बिल येऊ दे, पण प्रत्येकीनं आपल्या ताटातल्याची बेरीज करून पाच टक्के जोडावेत. सातवीपर्यंत शिकवतेस, तुला हे तोंडपाठ असेल. आणि जे मधोमध ठेवून सगळ्यांनी खाल्लं ते खुशाल सहात वाटा. तेवढ्यात कोणी बुडत नाही. चिल्लरचा हिशेब मांडत बसलात तर ब्रंचचा ऑडिट होईल, तेही नको.

तो ४९० चा सर्व्हिस चार्ज मात्र मला खटकला. तो द्यायलाच पाहिजे असं नसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सूचना काढल्या आहेत की हॉटेलांनी हा चार्ज बिलात परस्पर लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना योग्य ठरवल्या. शांतपणे म्हणायचं, "हा काढून द्या." बहुतेक ठिकाणी निमूटपणे काढतात. नाहीच काढला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तो नुसता उच्चारला तरी मॅनेजर स्वतः येतो असा माझा अनुभव आहे. तुमच्या बिलात तो नसता तर वाटा ८५८ वर आला असता. त्यातले वीस-पंचवीस रुपये प्रत्येकीनं त्या धावपळ करणाऱ्या पोराच्या हातात ठेवले असते तरी पैसे वाचलेच असते, आणि ते नक्की त्याच्याच खिशात गेले असते.

याहून मला जास्त आवडलेली युक्ती सांगू? तुमच्यापुरती एक ब्रंचची भिशी काढा. दर महिन्याला प्रत्येकीनं ४०० एकीकडे जमा करायचे. सहा जणींचे २,४००. ते पैसे भागाकार करणारीकडे ठेवू नका, ती आधीच दमलेली असते. फिरतं ठेवा. कॅफेत बसायचं असेल तर २,४०० त काय येतं ते मागवायचं. आणि जो महिना कोणाच्या घरी किंवा गच्चीवर होईल त्या महिन्याचे पैसे साठत जातील. मग मे महिन्यात, जेव्हा पारा पंचेचाळिसाच्या पुढं जातो आणि आपल्या शहरात सकाळी दहालाच रस्ते ओस पडतात, तेव्हा त्या साठलेल्या पैशांतून एसीत बसून खुशाल ॲव्होकॅडो मागवा. तू पण चाख. मला तर त्याला काही चव लागली नाही, पण तुझं तू ठरव.

गच्चीचं निघालं म्हणून सांगते. डिसेंबर-जानेवारीतल्या नागपूरच्या अकरा वाजताच्या उन्हाला मी कुठल्याही कॅफेच्या वर ठेवते. सतरंजी, पाठीवर ऊन, मधोमध कळमन्याच्या बाजारातून आणलेली अंबिया बहाराची संत्री. सोलता सोलता दोन तास जातात आणि कोणाला कळत नाही. फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची येतात, ती आणखी गोड. घर नको असेल तर तेलंखेडीचा बगीचा आहे, सेमिनरी हिल्सवरचं जपानी गार्डन आहे. हिवाळ्यात आधी तर्री पोहे उभ्यानं खा आणि मग तिथं जाऊन बसा. म्हणजे "बसायचं कुठं" याचंही उत्तर मिळालं.

पण घरी करायचं तर एक अट घाला, आणि ती पहिल्याच दिवशी घाला. जिच्या घरी, तिनं फक्त चहा करायचा. बाकी पाच जणींनी आणायचं. नाही तर काय होतं मला माहीत आहे: पाच जणींचा ब्रंच होतो आणि सहावी सकाळी पाचला उठून वडाभात करते, मग उरलेला रविवार भांडी घासते. एकीनं सांबारवडी आणावी, एकीनं पाटोडीचा रस्सा. पोहे घरून करून नेऊ नका, मनीष नगरहून त्रिमूर्ती नगरपर्यंत येता येता ते दगड होतात. तर्री डब्यात न्या आणि पोहे तिथंच भिजवून फोडणीला टाका, दहा मिनिटांचं काम. विकतचं आणलं तरी चालेल, कोणी नाक मुरडायचं नाही. समोसे आणणारीचा मान सांबारवडीवालीएवढाच.

सासूबाईंबद्दल. तुझ्या पत्रात त्यांचं एकच वाक्य होतं, पण त्यावर मी बराच वेळ अडकले. रविवारी एवढा वेळ कोण बसतं! माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. ती मिल १८७७ ची, आता तिथं मॉल आहे आणि त्यात लोक रविवारी फिरायला जातात. गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी आपोआप नव्हती मिळाली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्यासाठी काही वर्षं लढा दिला, तेव्हा कुठं १० जून १८९० ला ती मिळाली. पुढं पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, तिकडं इंग्लंडात गाय बेरिंजर नावाच्या गृहस्थानं 'हंटर्स वीकली'त लेख लिहून मागणी केली की रविवारी सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण एकत्र करून टाका, म्हणजे शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला उशिरा उठता येईल आणि चार लोकांत बसून बोलता येईल. ब्रंच हा शब्द तिथून आला. म्हणजे दोघांचंही म्हणणं एकच होतं, की आठवड्यातून एक सकाळ माणसाची स्वतःची असावी. लोखंड्यांचा माणूस दमलेला होता, बेरिंजरचा प्यायलेला.

आमच्या घरी ती सुट्टी वडिलांना मिळाली. आईला नाही मिळाली. रविवारी सगळे घरी, म्हणजे तिचा स्वयंपाक दुप्पट. मटण असलं तर पाट्यावर मसाला वाटण्यापासून सुरुवात. तुझ्या सासूबाईंचीही हीच गोष्ट असेल असा माझा अंदाज आहे. त्यांनी रविवारी कोणाला बसलेलं पाहिलंच असेल तर ते पुरुषांना. त्यांच्या बोलण्यात चिडेएवढंच आश्चर्य असू शकतं. घरी गच्चीवर ब्रंच ठेवशील तेव्हा त्यांना खुर्ची टाकून दे आणि त्यांच्या एखाद्या जुन्या मैत्रिणीला बोलाव. नाही आल्या तर नाही आल्या.

मिस्टरांचा सल्ला बाजूला ठेव. जाऊ नको म्हणणं सोपं असतं, त्यात त्यांचे तीन तास जात नाहीत.

ग्रुप सोडायचा प्रश्न राहिला. आत्ता नको. जी गोष्ट तू अजून कोणाला सांगितलीच नाहीस तिच्यावरून निघून जाशील, तर त्यांना तुझं खरं कारण कधी कळणार नाही आणि तुला त्यांचं खरं उत्तर. मेसेज टाकल्यावरही कोणी हसलं, किंवा "एवढ्यासाठी काय" म्हणून विषय उडवला, तर दोन महिने पाहा. सहातल्या दोघी-तिघी तरी तुझ्यासोबत ४०० वाल्या निघतील, त्यांचं वेगळं जमेल, आणि कधी तरी सगळ्याही भेटाल. एखादीशी नाहीच जमलं तर नाही जमलं. चाळिशीत शाळेतल्या सगळ्याच मैत्रिणी शाळेतल्यासारख्या राहत नाहीत.

माझ्या व्हीआरएसवाल्या मैत्रिणीचं विचारशील. लग्नातून आल्यावर मी तिला फोन केला, माफी वगैरे नाही मागितली, तिला ते आवडलं नसतं. आता आम्ही साध्या उडुप्याकडं परतलो आहोत. सातातल्या दोघींना ते पसंत पडलं नाही, त्या क्वचित येतात. बिल आलं की फोल्डर आधी तिच्यासमोर ठेवतो. ती चष्मा काढून, ओळीवर बोट ठेवून, एक-एक पदार्थ मोठ्यानं वाचते. वेळ लागतो. मी हात मांडीवर ठेवून बसते.

तू मात्र पुढचा रविवार जवळ येऊ देऊ नकोस. फोन बुधवारी कर, मेसेज गुरुवारी संध्याकाळी टाक. शनिवारी टाकलास तर टेबल बुक होऊन गेलेलं असेल.